ओटची बिस्किटे आणि त्यांवरील साखरेचा लेप

पश्चिम महाराष्ट्रातील बागायती भागात दुभत्या जनावरांसाठी रब्बी हंगामात ओट हे वैरणीचे पीक आता परिचयाचे झाले आहे. केंट हा जुना वाण आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले हरिता हा वाण शेतकऱ्यांच्या चांगल्या माहितीचे आहेत. त्याच सुमारास तालुक्याच्या किराणा दुकानांत ओटच्या पोह्यांची पाकिटेही दिसू लागली आणि शहरात शिकावयास गेलेली मुले सुटीत घरी येताना ओटच्या बिस्किटांचा डबा बरोबर आणू लागली. यावरून पुष्कळ घरांत एक साहजिक प्रश्न विचारला जातो : ओट जर आपल्याच शेतात उभा आहे, तर त्याची बिस्किटे घरी का करू नयेत?

बिस्किटे घरी अवश्य करावीत. मात्र ती वैरणीच्या ओटची करू नयेत. याचे पहिले कारण उघडच आहे. वैरणीसाठी हे पीक फुलोऱ्यात येताच कापावे लागते, त्यामुळे दाणा भरण्यास अवसरच मिळत नाही. काही शेतकरी एखादा वाफा बियाण्यासाठी राखतात, पण तो दाणाही स्वयंपाकाच्या उपयोगी पडत नाही. ओटच्या दाण्याला घट्ट चिकटलेले टरफल असते व ते दाण्याच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून कमी नसते. भाताप्रमाणे उखळात कांडून ते सुटत नाही, कारण आतील कण मऊ असल्याने टरफलाबरोबर तोही भरडला जातो. शिवाय ओटमध्ये गहू-तांदळाच्या मानाने स्निग्धांश बराच अधिक असतो आणि लायपेज नावाचे विकरही जोरकस असते. दाणा भरडला की हे विकर त्या स्निग्धांशावर काम करू लागते व पीठ थोड्याच दिवसांत कडू, खवट होते. म्हणून गिरणीत टरफल काढल्यावर ओटला प्रथम वाफ देतात व मग रुळांखाली दाबून त्याचे पोहे करतात. या वाफेने विकर निकामी होते. दुकानातील ओटचे पोहे महिनोन्महिने टिकतात त्याचे मर्म हेच होय.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याला बहुधा थायरमसारख्या बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेली असते. असे बियाणे ओळखू यावे म्हणून त्यास रंगही दिलेला असतो. पेरून उरलेले बियाणे धुऊन, वाळवून, दळून खाण्यात आणण्याचा मोह कोणीही धरू नये. धुण्याने रंग फिका होतो, विष जाते असे नाही. ते बियाणे जनावरांच्या आंबोणातही घालू नये, आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे.

तात्पर्य, बिस्किटांसाठी ओटचे पोहे विकतच आणावे लागतात. आणताना नावाचा घोळ होऊ देऊ नये. जव म्हणजे बार्ली, जवस म्हणजे अळशी, आणि हिंदीत जई म्हणतात तो ओट. ही तिन्ही नावे दुकानदाराच्या तोंडी सहज एकमेकांत मिसळतात. पोहे पाहून घ्यावेत. ते चपटे, फिकट पिवळसर असून त्यांना किंचित खमंग वास असावा. मसाला किंवा साखर मिसळलेली पाकिटे या कामी निरुपयोगी आहेत.

बिस्किटाचा पूर्वेतिहास

ओट हे थंड हवेचे धान्य. इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात, इंग्लंडात घोडे खातात ते स्कॉटलंडात माणसे खातात, अशा आशयाचा टोमणा या धान्याच्या नोंदीत मारून ठेवला आहे. त्या स्कॉटलंडात ओटच्या भाकरीसारख्या कडक पोळ्या तव्यावर भाजण्याची चाल जुनी आहे. गोड बिस्कीट मात्र अमेरिकेतील गृहिणींनी रूढ केले. फॅनी फार्मर यांच्या १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या पाककृतींच्या ग्रंथात ओटच्या बिस्किटांची कृती दिलेली आहे. पुढे लोणी, तपकिरी साखर, दालचिनी व वरून पांढऱ्या साखरेचा लेप, ज्यास आयसिंग म्हणतात, असे त्याचे रूप तिकडे घरोघरी स्थिर झाले. खडबडीत तपकिरी बिस्कीट व त्याच्या उंचवट्यांवर तेवढा पांढरा, कडक लेप, ही त्याची खूण होय.

यातील तपकिरी साखर म्हणजे पांढऱ्या साखरेला उसाच्या काळ्या पाकाचे पूट दिलेली साखर. आपल्याकडे तिच्यासाठी अडून बसण्याचे कारण नाही. कोल्हापुरी गूळ तीच चव देतो, किंबहुना अधिक चांगली देतो. काकवी असल्यास साखरेत एक चमचा काकवी मिसळूनही काम भागते. मात्र काकवी निराळी व साखर कारखान्यातील मळी निराळी. काकवी हा उसाचा आटवलेला रस आहे, तर मळी हा साखर काढून घेतल्यावर उरणारा भाग असून तो मद्यार्कासाठी व पशुखाद्यासाठी वापरला जातो. तिला स्वयंपाकघरात स्थान नाही.

साहित्य व कृती

सुमारे अठरा बिस्किटांसाठी ओटचे पोहे १०० ग्रॅम, बारीक चाळलेली कणीक किंवा मैदा १२५ ग्रॅम, लोणी ११० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, एक अंडे, खाण्याचा सोडा अर्धा चहाचा चमचा, मीठ पाव चमचा, दालचिनीची पूड एक चमचा व किसलेले जायफळ पाव चमचा घ्यावे. लेपासाठी पिठीसाखर १०० ग्रॅम व दूध एक ते दीड मोठा चमचा लागते. दालचिनी व जायफळ ही दोन्ही आता कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांतही होतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण तेज ही दालचिनीची व कोकण सुगंधा ही जायफळाची जात दिली आहे. बागेतील माल असल्यास ताजा कुटून घ्यावा, वासात जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

घरचे लोणी थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन त्यातील ताक पूर्णपणे दाबून काढावे. ताक राहिल्यास पीठ सैल होते व बिस्कीट पसरते. लोण्याऐवजी तूप वापरावयाचे असल्यास ९० ग्रॅम पुरे, कारण तुपात पाण्याचा अंश जवळजवळ नसतो. ती उणीव एक मोठा चमचा दूध घालून भरून काढावी. ज्या घरांत अंडे चालत नाही तेथे जवसाची बारीक पूड एक मोठा चमचा, तीन चमचे पाण्यात पाव तास भिजवून घालावी. ती बुळबुळीत होते व पीठ धरून ठेवते. विदर्भात जवस घरचाच असतो, तेव्हा ही योजना तेथे विशेष सोयीची.

आता या कामातील मुख्य कसब. ओटमध्ये गव्हासारखा चिकटपणा नसतो. पोहे अख्खे टाकले तर बिस्कीट कडेने फुटते व हातात घेताच भुगा होतो. त्यांचे अगदी पीठ केले तर ओट घातल्याचे समजतही नाही आणि बिस्कीट दडस होते. म्हणून पोहे जात्यावर किंवा मिक्सरमध्ये दोन-तीन फेरे देऊन असे भरडावेत की निम्मा भाग जाड रव्यासारखा व्हावा आणि निम्म्या भागात पोह्यांचे तुकडे दिसत राहावेत. रवा बांधणीला उपयोगी पडतो, तर तुकड्यांमुळे पृष्ठभाग खडबडीत होतो. या खडबडीतपणावरच पुढे लेपाची शोभा अवलंबून असते.

गूळ किसून चाळून घ्यावा. खडा राहिल्यास तो भट्टीत वितळून तेथे काळा डाग पडतो. लोणी मऊ असावे, पातळ नसावे. लोणी, गूळ व साखर ही एकत्र फेसून फिकट झाली की अंडे घालून पुन्हा फेसावे. कणीक, सोडा, मीठ व मसाला एकत्र चाळून त्यात मिसळावा आणि शेवटी भरडलेले पोहे घालावेत. कणीक घातल्यावर पीठ मळू नये, नुसते एकजीव करावे. नंतर ते झाकून अर्धा तास थंड जागी ठेवावे. या अवधीत ओट पाणी शोषून घेतो व सैल वाटणारे पीठ आपोआप घट्ट होते. घाईत हा अर्धा तास वाचविणाऱ्यांची बिस्किटे ताटभर पसरून एकमेकांस चिकटतात.

तीस-तीस ग्रॅमचे गोळे करून तूप लावलेल्या ताटात चार बोटे अंतर राखून ठेवावेत व तळहाताने किंचित दाबावेत. विजेच्या भट्टीत १७५ अंश सेल्सियस उष्णतेवर अकरा-बारा मिनिटे पुरतात. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे वाळू किंवा जाडे मीठ पसरून, वर तिवई ठेवून, घट्ट झाकण लावून पातेले दहा-पंधरा मिनिटे तापवावे आणि मंद आचेवर बिस्किटे भाजावीत. यास वीस ते पंचवीस मिनिटे लागतात व एका वेळी पाच-सहाच होतात. दिवाळीत नानखटाई गावच्या बेकरीत भाजून आणण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. पाव काढल्यानंतरची उतरती भट्टी या बिस्किटांनाही मानवते, फक्त भट्टीवाल्यास ती नानखटाईपेक्षा लवकर काढावयास सांगावे. गुळामुळे ती झपाट्याने रंग धरतात. कोणत्याही साधनात प्रथम एकच बिस्कीट भाजून पाहणे उत्तम. कडा तांबूस व मध्यभाग अजून मऊ असतानाच ताट बाहेर काढावे. तापलेल्या ताटावर बिस्कीट आणखी दहा मिनिटे शिजत असते. मधला भाग कडक होईपर्यंत थांबल्यास थंड झाल्यावर ते दाताने तुटत नाही.

लेप

बिस्किटे पूर्ण निवल्याखेरीज लेपाला हात लावू नये. कोमट बिस्किटावर साखर वितळून आत झिरपते. पिठीसाखर घरी दळल्यास तीत एक चमचा मक्याचे सत्त्व मिसळून वस्त्रगाळ करावी. दूध उकळून थंड केलेले असावे व ते थेंबाथेंबाने घालावे, कारण अर्धा चमचा दूध अधिक झाले तरी लेप पातळ होतो. चमच्यातून सोडलेली धार भांड्यातील लेपावर दहा-बारा सेकंद उमटून राहिली म्हणजे दाटपणा साधला. बिस्कीट पालथे धरून त्याचा नुसता माथा लेपास टेकवावा, बुडवू नये. उचलून क्षणभर तसेच धरावे, म्हणजे जादा लेप गळून जातो. उंचवटे पांढरे होतात व फटी तपकिरी राहतात. नंतर जाळीवर दोन-तीन तास मोकळ्या हवेत वाळू द्यावे.

गुणाविषयी थोडे

ओट हृदयास हितकारक, अशी जाहिरात सर्वत्र आढळते. तिला आधार आहे. ओटमध्ये बीटा-ग्लुकॅन नावाचा विद्राव्य तंतू असतो व दिवसाला त्याचे ३ ग्रॅम सेवन रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यास साहाय्यक ठरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली तसा उल्लेख वेष्टनावर करण्यास अनुमती दिली. परंतु वरील प्रमाणात एका बिस्किटात ओट साडेपाच ग्रॅम व हा तंतू सुमारे पाव ग्रॅमहून थोडा कमी येतो. ३ ग्रॅम मिळविण्यास चौदा बिस्किटे खावी लागतील, आणि त्यांबरोबर गूळ-साखर दीडशे ग्रॅमांहून अधिक पोटात जाईल. तितकाच तंतू ७५ ग्रॅम ओटच्या बिनसाखरेच्या लापशीतून मिळतो. म्हणून बिस्कीट हा खाऊ समजावा, मधुमेही माणसाला औषध म्हणून देऊ नये. गव्हाचे वावडे असलेल्यांसाठी तर ही कृती मुळीच नाही. पाकिटातील ओटातही गिरणीत गव्हाचे कण मिसळलेले असू शकतात.

पोषण वाढवावयाचे असल्यास कणकेपैकी ४० ग्रॅम काढून तितके भाजलेल्या नाचणीचे पीठ घालावे. नाचणीतील कॅल्शियम ओटपेक्षा कितीतरी अधिक असते व ती कोकणात, मावळात घरची असते. याहून जास्त घातल्यास बिस्कीट ठिसूळ होते, कारण चिकटपणा नाचणीतही नाही.

महिला बचत गटांनी ही बिस्किटे विक्रीस काढण्यापूर्वी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी, वेष्टनावर घटक व तयार केल्याची तारीख छापावी आणि आरोग्याविषयी कसलाही दावा करू नये. विक्रीच्या मालासाठी लेप दुधाऐवजी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवावा, तो अधिक टिकतो.

कोरड्या हवेत घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून ठेवल्यास लेप दिलेली बिस्किटे आठवडाभर चांगली राहतात. पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीवर, साखर हवेतील ओल ओढून घेते व लेप एका रात्रीत पाझरू लागतो. तेथे बिस्किटे बिनलेपाचीच डब्यात भरावीत. ती मऊ पडल्यास मंद आचेवर पाच मिनिटे पुन्हा तापवून निवू द्यावीत आणि लेप ज्या दिवशी वाढावयाची त्याच दिवशी सकाळी द्यावा.