पंचवीस तलंगा, तीन कोंबडे

पशुसंवर्धन खात्याच्या कुक्कुट योजनेत अमरावती-अकोल्याच्या माणसाला दोन गोष्टी मिळू शकतात, त्याही निम्म्या अनुदानावर: एका दिवसाची १०० पिल्लं, नाहीतर ८ ते १० आठवड्यांचा तलंगांचा गट, म्हणजे २५ माद्या आणि ३ नर. पहिल्यात नर किती निघतील ते नशिबावर. दुसऱ्यात आकडा पक्का, कारण तोवर पाखरू स्वतःच ओळख देऊ लागलेलं असतं.

पहिल्या दिवशी मात्र लोकरीच्या गोळ्यासारखं पिल्लू काहीच सांगत नाही. मग अंड्याच्या टोकावरून अंदाज बांधतात. हा नाद जुना आहे; लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते असं ॲरिस्टॉटलनंही लिहून ठेवलंय. ते खरं नाही. कोंबड्यांत नर की मादी हे आईकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं. माणसांत ते बापाकडून ठरतं, तरी बोल आईलाच लागतो, ही गोष्ट वेगळी.

पाच-सहा आठवड्यांनी तुरा बोलू लागतो. नराचा तुरा लवकर मोठा आणि लाल होतो, पाय जाड दिसतात. पण खरा भरवसा पिसांचा. दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास नराच्या मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी लांब, टोकदार, चकाकणारी पिसं येतात. तलंगेची पिसं टोकाला गोलच राहतात. कडकनाथमध्ये तर तुराच काळपट, तिथे लालीवर जाऊन चालत नाही.

अंड्यांच्या धंद्याला एवढं थांबणं परवडत नाही. १९२० च्या दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी पिल्लाच्या गुदद्वारातल्या बारीकशा उंचवट्यावरून नर ओळखण्याची रीत बसवली. मुरलेला हात तासाला हजारभर पिल्लं निवडतो. पुढे जातीच अशा जुळवल्या की मादीची पंखाची मुख्य पिसं वरच्या पिसांहून लांब दिसतात आणि नराची जवळपास सारखी. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडी यांच्या पिल्लांत तर डोक्यावर पांढरा ठिपका असेल तो नर. या खुणा अशा जुळवलेल्या जोड्यांपुरत्याच. गावरान पिल्लाचे पंख पसरून बघण्यात अर्थ नाही.

एवढी घाई कशासाठी? अंड्यांच्या जातीचा नर ना अंडी देतो, ना पोसण्याच्या खर्चाइतकं मांस. म्हणून पहिल्याच दिवशी त्याला मारतात. जर्मनीनं २०२२ पासून त्यावर बंदी घातली. वऱ्हाडातल्या आठवडी बाजारात हिशेब उलटा. तिथे गिऱ्हाईक गावरान कोंबडाच मागतं, आणि तलंग अंड्यांसाठी घरी राखली जाते. त्यामुळे १०० पिल्लांत नर जास्त निघाले तरी परसात पाळणारा फारसा हळहळत नाही. २५ अधिक ३ चा गट घेणाऱ्यानं मात्र प्रत्येक पाखराचा तुरा आणि पाय बघावेत, आणि दहा आठवड्यांचं झालेलं असेल तर शेपटीच्या बुडाची पिसंही बोटानं वर करून बघावीत.