एका वर्षाच्या तबकड्या

वैभवाचे वर्ष कोणते, हे त्या वर्षी कोणालाच कळत नसते; ते मागाहून ठरते. इंग्लंडमधील ‘टी. रेक्स’ या वाद्यवृंदाचे असे वर्ष म्हणजे १९७२. गालांवर चमकी, अंगात झगमगीत कपडे आणि साधा, ठाशीव ताल, या थाटाला ‘ग्लॅम रॉक’ म्हणतात. मार्क बोलन हा या वृंदाचा नायक. त्या वर्षी ‘टेलिग्राम सॅम’ व ‘मेटल गुरू’ ही त्यांची गाणी ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत पहिली आली. जुलैत निघालेल्या ‘द स्लायडर’ या मोठ्या तबकडीत ही दोन्ही आहेत. तेवढीच ऐकणाऱ्याला केवळ चढण दिसते. पुढची दोन, ‘चिल्ड्रन ऑफ द रिव्होल्यूशन’ व ‘सॉलिड गोल्ड ईझी ॲक्शन’, सुट्या छोट्या तबकड्यांवर आली आणि दुसऱ्या क्रमांकावर थांबली. पन्नास वर्षांनी, २०२२ साली, ‘१९७२’ नावाच्या संचात ही सारी एकत्र आली. असा संच गौरवासाठी निघतो खरा. पण आम्हांस त्याचा उपयोग निराळाच वाटतो. गाणी क्रमाने ऐकली, म्हणजे शिखराला लागूनच उतार असतो, हे ध्यानात येते. ‘मेटल गुरू’नंतर या वृंदाला ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक पुन्हा लाभला नाही.