टी-शर्टची साहित्य यादी : एका नोंदीवर अवलंबून निर्यात

नवी दिल्ली : तमिळनाडूतील तिरुपूरहून परदेशी जाणाऱ्या साध्या टी-शर्टमागेही सविस्तर साहित्य यादी असते. उत्पादन व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कापड, दोरा, बटणे, लेबल यांची स्वतंत्र नोंद होते. ‘सुती कापड’ एवढे लिहून भागत नाही. तंतूंचे प्रमाण, प्रति चौरस मीटर वजन, रंगाचा संकेतांक, पुरवठादार आणि प्रत्येक नगासाठी लागणारे कापड नमूद करावे लागते.

एकच कापड अनेक नमुन्यांत वापरल्यास त्याची मूळ नोंद एकच ठेवता येते. तीतील दुरुस्ती सर्व याद्यांत उमटते. चूकही तशीच पसरते.

युरोपीय संघाच्या २०११च्या नियमानुसार लेबलवर तंतूंचे प्रमाण देणे बंधनकारक आहे. ९५ टक्के सूत आणि ५ टक्के इलास्टेनचे कापड ‘१०० टक्के सुती’ असे नोंदले गेले, तर शिलाई निर्दोष असूनही माल अडकू शकतो. म्हणूनच कापड कापण्यापूर्वी यादी तपासणे महत्त्वाचे ठरते.