वीट, विस्तव आणि रोटीव्यवहार

दौलताबादविषयी लिहायचे म्हणजे देवगिरीचे यादव, १२९६ मधली अलाउद्दीनाची स्वारी आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीहून इकडे आणलेली राजधानी, इथून सुरुवात करण्याची रीत आहे. मला किल्ल्याविषयी लिहायचे नाही. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात, परसात, विटांची एक भट्टी कशी बांधावी, ती तापते कशी आणि तिच्यात भाजलेली रोटी कोण खातो, एवढाच या लेखाचा विषय आहे. तरीही तुघलकाचे नाव टाळता येत नाही. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, जे नान-खलिया प्रसिद्ध आहे ते त्याच्या लष्कराबरोबर इकडे आले असे जुने लोक सांगतात. हजारोंच्या छावणीला वेगवेगळ्या चुली परवडत नाहीत. मोठी भट्टी, ढीगभर नान आणि देगभर मटण हा लष्करी हिशेब आहे. लष्कर गेले, भट्ट्या राहिल्या. लग्न असो की ईद, शहरातल्या या भट्ट्यांवरून शेकड्याने नान जातात आणि ते जातीधर्माचा विचार न करता खाल्ले जातात. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याकडे मला परत यायचे आहे.

नानची भट्टी म्हणजे जमिनीत उतरलेली विहीरच. तळाशी निखारे, वर तोंड उघडे, आणि आतल्या भिंतीला नान थापून चिकटवायचे. तिला सराईत हात लागतो आणि तोंड उघडे असल्यामुळे उष्णताही सतत वर निघून जाते. घरच्या परसाला सोयीची असते ती घुमटाची भट्टी, गोव्याच्या पोदेराची किंवा जुन्या पावबेकरीची असते तशी. हिच्यात विस्तव आणि रोटी एकाच जागी, पण वेगवेगळ्या वेळी असतात. आधी आत जाळ करायचा, विटांना पोटभर उष्णता पिऊ द्यायची, मग निखारे ओढून काढायचे आणि विटांनी साठवलेल्या उष्णतेवर भाजायचे. म्हणजे रोटी भाजते ती वीट. म्हणून सगळा विचार विटेपासून केला पाहिजे.

विटेविषयी मला जे कळते ते पुस्तकातून आलेले नाही. माझ्या आईने चौदा हंगाम वीटभट्टीवर काढले. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घ्यायची, बिऱ्हाड पाठीवर टाकायचे आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत चिखल तुडवायचा, साच्यात थापायचा, कच्च्या विटांच्या ओळी उन्हात मांडायच्या. मजुरी हजारी हिशेबाने. फुटलेली, वाकडी, अवकाळी पावसाने विरघळलेली वीट हजारात धरली जात नसे. मी पाटीवरची अक्षरे शिकलो त्याआधी ओल्या विटेवर काडीने रेघा ओढायला शिकलो होतो. घरात पहिला पदवीधर मी झालो, आणि विटांवर लेख लिहायची पाळीही माझ्यावरच आली. आईने मात्र हजारो विटा थापून एकही पक्की वीट स्वतःच्या घराला लावली नव्हती. आमचे घर पांढऱ्या मातीचे, धाब्याचे होते.

भट्टीसाठी विटा आणल्या तेव्हा तिने दोन विटा एकमेकींवर आपटून कान दिला. "ही वाजंना. ठेव बाजूला." नीट भाजलेली वीट धातूसारखी खणखणते, कच्ची वीट बद्द वाजते. अभियांत्रिकीच्या पुस्तकात हीच परीक्षा दिलेली आहे. नखाने ओरखडा उठू नये, कमरेएवढ्या उंचीवरून टाकली तर फुटू नये, चोवीस तास पाण्यात ठेवली तर वजनाच्या पंचमांशाहून जास्त पाणी पिऊ नये, असेही तिथे आहे. विद्यापीठ याला पदविका देते, भट्टीवर याला अडाण्याचे काम म्हणतात. अतिभाजून काळपट, काचेसारखी झालेली खंगर वीटही घेऊ नये. ती गाऱ्याला धरत नाही. साधी लाल वीट वीटभट्टीत साधारण ९०० ते १००० अंशांपर्यंत तापलेली असते, आपल्या भट्टीत तिला त्याच्या निम्मे सोसायचे असते. त्यामुळे महागड्या अग्निविटांवाचून घरगुती काम भागते. आमच्या भागातला काळा दगड जोत्याला उत्तम, पण आतल्या बाजूला लावू नये. फटीत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की दगडाच्या कपच्या उडतात.

दगडमातीचे कमरेएवढे जोते घालावे. त्यावर राख आणि वाळू कालवून चार-पाच बोटांचा थर द्यावा. रिकाम्या बाटल्या आडव्या पुरल्या तर आणखी बरे, कारण आत कोंडलेली हवा उष्णतेला खाली जाऊ देत नाही. हा थर वगळला तर जोते तापते आणि रोटी खालून कच्ची राहते. माझे पहिल्यांदा हेच झाले. थरावर बारीक वाळू पसरून विटा गाऱ्याशिवाय नुसत्या चिकटून मांडाव्या. तापल्यावर त्यांना फुगायला जागा हवी, आणि एखादी फुटली तर ती काढून दुसरी बसवता येते.

आता घुमट. आतला व्यास तीन फूट, उंची दीड फूट. व्यासाएवढा ओल्या वाळूचा ढीग थापून त्याला घुमटाचा आकार द्यावा, वर ओले वर्तमानपत्र चिकटवावे आणि अर्ध्या विटा गोलाकार थरांनी रचत जावे. दरवाजा अकरा इंच उंच. हे माप मनाचे नाही. थंड हवा दरवाजाच्या खालच्या भागातून आत जाते आणि धूर त्याच दरवाजाच्या वरच्या भागातून बाहेर येतो. दरवाजा घुमटाच्या उंचीच्या सुमारे पाच-अष्टमांश असला की दोघांना वाट मिळते. जास्त उंच केला तर उष्णता पळते, कमी केला तर जाळ गुदमरतो. तळ, घुमट आणि दरवाजाची कमान धरून दीडशे ते पावणेदोनशे विटा लागतात. सिमेंट अजिबात वापरू नये. सिमेंटची पकड त्यात बांधलेल्या पाण्यावर असते. तीनशे-चारशे अंशांना ते पाणी निघून जाते आणि सांधे भुसभुशीत होतात. चिकण माती एक वाटा, वाळू दोन ते तीन वाटे हाच गारा. वारुळाची माती मिळाली तर सोने.

माती कालवायला पाणी लागते, आणि दौलताबादेत पाणी म्हटले की मला १९३४ आठवते. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले असता वाटेत हा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ होती, म्हणून दरवाजाजवळच्या हौदावर मंडळींनी हातपाय धुतले. हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला, जमाव जमला. अखेर किल्ला पाहू दिला तो एका हत्यारबंद शिपायाच्या पहाऱ्यात, आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. महाडचा सत्याग्रह होऊन सात वर्षे झाली होती. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे, तो विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा. ओरडणारे मुसलमान होते. म्हणजे ज्या समाजाच्या भट्टीवरचे नान आम्ही आनंदाने खातो, त्याच समाजातल्या काहींना त्या दिवशी आमचे हात पाण्यात चालले नाहीत. जात धर्म ओलांडते ती अशी.

घुमट झाला की दोन दिवसांनी वाळू उकरून काढावी. वरून माती, भुसकट आणि शेण यांचा चार बोटांचा जाड लेप, तो वाळल्यावर चुन्याचा हात, आणि पावसासाठी वर पत्रा. मग पंधरा दिवस भट्टीला हात लावू नये. त्यानंतर पाच-सहा दिवस रोज थोडा थोडा जाळ करावा, आज मूठभर तुराट्या, उद्या ओंजळभर. पहिल्याच दिवशी होळी पेटवली तर सांध्यातल्या पाण्याची वाफ होऊन घुमट तडकतो. घाईने केलेल्या क्रांतीसारखे, असे मी लिहिणार होतो. पण आमच्याकडे घाईची क्रांती कुणी केल्याचे ऐकिवात नाही, म्हणून ते सोडून देतो.

भाजायच्या दिवशी बाभळीचे वाळलेले लाकूड दीड-दोन तास जाळावे. पऱ्हाट्या पेटवणीला चालतात. रंगवलेले लाकूड, प्लायवूड कदापि नको. सुरुवातीला घुमट आतून काजळीने काळा होतो. मग तापत जातो तशी काजळीच जळून जाते आणि विटा पुन्हा उजळतात. भट्टी तयार झाल्याची हीच खूण. निखारे काढून तळावर ओले फडके फिरवावे आणि चिमूटभर पीठ टाकावे. क्षणात काळे झाले तर थांबावे, सावकाश तांबूस झाले तर रोट्या सोडाव्या. नान दोन-तीन मिनिटांत होतो, पाव त्याच्यानंतर उतरत्या उष्णतेवर, आणि अगदी शेवटी शेंगा, रताळी, वांगी. ज्वारीची भाकरी आईने करून पाहिली. तिचा निकाल "भाकरीला तवाच बरा" असा आहे. धुराचे म्हणाल तर तो आहेच. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. आठवड्यातून एकदा पेटणारी परसातली भट्टी आणि रोज पेटणारी बेकरी यांत फरक आहे, तरी शेजाऱ्याच्या खिडकीखाली भट्टी बांधू नये.

आता मघाच्या वाक्याकडे. मी शिकवतो तिथे शिक्षकांच्या खोलीत कधीमधी शहरातल्या भट्टीवरचे नान येतात आणि सगळे खातात. एकदा मी घरच्या भट्टीतले नेले. तेच पीठ, तोच आकार. "कुठले?" असे विचारले गेले. "घरचे" म्हणालो. त्या दिवशी तिघांना अचानक उपवास निघाला. दुकानातल्या रोटीला कुणी जात विचारत नाही, घरातल्या रोटीला विचारतात. पैसे मोजले की विटाळ नाही. स्नेहाने दिले की विटाळ. वीट तर याहूनही सोवळी. आमच्या हातांनी थापलेली वीट एकदा विस्तवातून निघाली की कुणाच्याही माजघराला, देवघराला चालते. पंढरीचा देवही विटेवरच उभा, आणि चोखोबा मात्र दाराबाहेर.

भाजलेल्या पिठाची ही भीती जुनी आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे, तोही गुप्तपणे. गुपित फुटले तशी सभा मोडली. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, त्यावरून टिळक-रानड्यांसह कितीकांवर ग्रामण्य ओढवले. पण सहभोजनाने जात जाते असे समजण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ मध्येच सांगितले की रोटीव्यवहाराने जातीची भावना मेलेली नाही, खरे औषध बेटीव्यवहार. माझ्या भट्टीने कुणाची जात मोडलेली नाही.

दर रविवारी आमच्या आळीतली सात-आठ घरे आपापले पीठ मळून घेऊन येतात. पंजाबातल्या गावांत सामाईक तंदूर असतो, तसेच काहीसे झाले आहे. लाकूड आळीपाळीने. बायकांचा एक दिवसाचा चुलीचा धूर वाचतो, आणि घुमटापुढे उभे राहून रोटी परतायला पुरुषांना लाज वाटत नाही, हे मला अनपेक्षित होते. त्या तिघांपैकी एक जण गेल्या महिन्यात मुलाला घेऊन आला. मुलाने दोन नान खाल्ले. तो स्वतः भट्टीचे माप विचारत होता. मी सांगितले. विटा कुठून घ्याव्या असे त्याने विचारले तेव्हा आई म्हणाली, "घेताना मला न्या. वाजवून बघावं लागतं."