मेक्सिको सिटीचा जुना गाभा : पायी फिरून वाचायच्या इमारती आणि भिंती

पाठाचा हेतू

ऐतिहासिक शहर पाहताना आपली नजर बहुधा घुमट, कमानी आणि चित्रे यांवर जाते. पायाखालच्या जमिनीकडे क्वचितच कोणी पाहते. मेक्सिको सिटीत मात्र जमिनीकडे पाहिल्याशिवाय इमारत कळत नाही आणि इमारत कळल्याशिवाय तिच्या भिंतीवरचे चित्र पुरते कळत नाही. म्हणून या पाठात आपण शहराच्या जुन्या भागातून एक पायी फेरी मारू. प्रत्येक थांब्यावर तीन प्रश्न विचारू : ही इमारत कशावर उभी आहे, कशाने बांधली आहे आणि तिच्या भिंती कोणाशी बोलतात?

पाठ कला, इतिहास आणि अभियांत्रिकी अशा तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना वाचता येईल. मृदा यांत्रिकी शिकवताना मी या शहराचे उदाहरण नेहमी घेतो. एका विषयाच्या चौकटीत ते मावत नाही, हा मला त्याचा सर्वात मोठा उपयोग वाटतो.

१. सरोवरावरचे शहर

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. मेशिका लोकांची, म्हणजे ज्यांना आपण ॲझटेक म्हणतो त्यांची, तेनोच्तित्लान ही राजधानी येथे होती. परंपरेनुसार ती १३२५ मध्ये तेश्कोको सरोवरातील एका बेटावर वसवली गेली. १५२१ मध्ये एर्नान कोर्तेसच्या स्पॅनिश फौजेने आणि तिच्या स्थानिक मित्रसैन्याने हे शहर जिंकले. जुन्या मंदिरांचे आणि वाड्यांचे दगड काढून त्याच जागी नवे शहर उभारले गेले. पुढच्या काळात सरोवराचे पाणी खोऱ्याबाहेर काढले गेले आणि उरला तळाचा गाळ.

ही गाळाची चिकणमाती ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली आहे. तिच्यात पाण्याचे वजन कोरड्या मातीच्या वजनाच्या कित्येक पट असू शकते. अशा मातीवर भार टाकला, की कणांमधले पाणी हळूहळू बाहेर पडते आणि थर दबतो. या क्रियेला दृढीकरण म्हणतात. विसाव्या शतकात वाढत्या लोकसंख्येसाठी भूजलाचा उपसा वाढला, तसे वरून नवा भार न येताही थर दबू लागले. नाबोर कारियो या अभियंत्याने १९४०च्या दशकात उपसा आणि खचणे यांचा संबंध शास्त्रीय रीतीने मांडला. जुन्या गाभ्यातील काही जागा शंभर वर्षांत नऊ मीटरच्या आसपास खाली गेल्या आहेत.

लक्षात घ्या, सगळी जमीन एकसारखी खचली असती तर इमारतींना फारसा धोका नव्हता. खरी अडचण असमान खचण्याची आहे. तिची उदाहरणे आता वाटेवर भेटतील.

२. सोकालो आणि कॅथेड्रल

फेरीची सुरुवात मुख्य चौकापासून करू. त्याचे अधिकृत नाव संविधान चौक, पण सगळे त्याला सोकालो म्हणतात. सोकालो म्हणजे चौथरा. १८४३ मध्ये येथे स्वातंत्र्याचे स्मारक उभारायचे ठरले. चौथरा झाला, स्मारक राहिले आणि नाव तेवढे चिकटले.

चौकाच्या उत्तरेला महानगर कॅथेड्रल आहे. बांधकाम १५७३ मध्ये सुरू झाले आणि १८१३ मध्ये पूर्ण झाले. दोनशे चाळीस वर्षांत बांधकामाच्या शैली बदलत गेल्या आणि प्रत्येकीची खूण इमारतीत राहिली. रेनेसाँ काळाचा आराखडा, बरोक दर्शनी भाग आणि मानुएल तोल्सा याने शेवटी दिलेला नवअभिजात घुमट हे एकाच इमारतीत पाहता येते. शेजारचे साग्रारियो हे छोटे चर्च १७४९ ते १७६८ या काळातले. तेथे दगडी कोरीवकामाची इतकी दाटी आहे, की सपाट भिंत शोधावी लागते.

बाहेरच्या दगडांचे रंग पाहा. करडा, घट्ट दगड कोरीवकामासाठी वापरला आहे. तांबूस, सच्छिद्र दगडाचे नाव तेसोन्त्ले. तो ज्वालामुखीतून आलेला, छिद्रांमुळे वजनाला हलका. मऊ जमिनीवर जाड भिंत बांधायची, तर दगड हलका हवा. हे ज्ञान मेशिका बांधकामातही होते आणि स्पॅनिशांनी ते उचलले. जुन्या शहराचा तांबूस-करडा रंग असा जमिनीच्या अटीतून आला आहे.

आत गेल्यावर जमिनीचा उतार पायांना जाणवतो. कॅथेड्रलच्या खाली जुन्या मंदिरांचे अवशेष आहेत. त्या मंदिरांच्या भाराने काही ठिकाणची माती आधीच दबून घट्ट झाली होती. ते भाग पुढे कमी खचले, बाकीचे जास्त. १९९०च्या सुमारास मुख्य वेदीकडचा भाग आणि पश्चिमेचा मनोरा यांच्या पातळीत सुमारे २.४ मीटरचा फरक पडला होता. खांब कलले, घुमटाकारी छतांना तडे गेले.

उपाय वरवर पाहता उलटा वाटेल असा होता. खचलेला भाग वर उचलणे शक्य नव्हते. म्हणून कमी खचलेल्या भागाखालची माती काढायचे ठरले. खोल विहिरींसारखे खड्डे घेऊन, त्यांच्या तळातून आडवी नळी घालून थोडी थोडी माती काढली. मातीची ती पोकळी मिटत गेली, तसा वरचा भाग सावकाश खाली बसला. १९९३ ते १९९८ या काळात हे काम चालले. पिसाचा मनोरा सावरण्यासाठी काही वर्षांनी हेच तत्त्व वापरले गेले. कॅथेड्रलमध्ये घुमटाखाली टांगलेला ओळंबा आहे. गवंड्याच्या हातातले हे साधे साधन या भव्य इमारतीचा कल किती वर्षांत किती बदलला ते सांगते.

३. तेम्प्लो मायोर

कॅथेड्रलच्या ईशान्येला, दोन मिनिटांच्या अंतरावर, मेशिकांच्या मुख्य मंदिराचे अवशेष उघड्यावर दिसतात. १९७८ मध्ये वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना कोयोल्शाउकी या देवतेची कोरलेली गोल शिळा सापडली. तिचा व्यास तीन मीटरहून अधिक आहे. त्यानंतर एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली पद्धतशीर उत्खनन झाले. मंदिर एकदाच बांधलेले नव्हते. जुन्या मंदिरावर नवे कवच चढवून ते सात टप्प्यांत वाढवले गेले. येथे उभे राहून कॅथेड्रलकडे पाहिले, की शहराचे दोन थर एकाच नजरेत येतात.

४. सान इल्देफोन्सो : चळवळीची सुरुवात

मंदिराच्या मागेच सान इल्देफोन्सो ही अठराव्या शतकातील जेझुइट विद्यालयाची इमारत आहे. पुढे येथे राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालय भरू लागले. फ्रीदा कालो याच शाळेची विद्यार्थिनी.

१९१० ते १९२० हे दशक मेक्सिकोत क्रांतीचे आणि यादवीचे होते. त्यानंतर सार्वजनिक शिक्षणमंत्री झालेल्या होसे वास्कोन्सेलोस यांनी चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती दिल्या. देशातील मोठा समाज निरक्षर होता, आणि श्रीमंताच्या दिवाणखान्यातील चित्र त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते. भिंत विकता येत नाही आणि घरीही नेता येत नाही. भित्तिचित्राची ही मर्यादाच त्याची ताकद ठरली.

येथील सभागृहात दिएगो रिवेरा याने ‘सृष्टी’ हे चित्र गरम मेणात रंग मिसळण्याच्या पद्धतीने केले. ज्याँ शार्लो याने जिन्याजवळ तेम्प्लो मायोरमधील कत्तलीचे चित्र रंगवले. ती घटना जिथे घडली ती जागा भिंतीपलीकडेच. होसे क्लेमेंते ओरोस्को याचे ‘खंदक’ हे चित्र मात्र फार वेळ पाहा. तीन देह, आडव्या-तिरक्या रेषा आणि क्रांतीचा कोणताही जयघोष नाही. ओरोस्कोच्या चित्रांवर तेव्हा विद्यार्थ्यांनीच संतापून हल्ला केला होता, काही चित्रे खराबही केली. सार्वजनिक भिंतीवरचे चित्र सर्वांना आवडेल अशी अपेक्षा तेव्हाही फोल होती.

५. शिक्षण मंत्रालय : फ्रेस्को आणि एक मराठी माणूस

येथून थोड्याच अंतरावर शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत आहे. तिच्या दोन चौकांभोवतीच्या सज्जांमध्ये रिवेराने १९२३ ते १९२८ या काळात शंभराहून अधिक चित्रे काढली. एका चौकात श्रम, दुसऱ्यात सण हा विषय. खाण कामगार, विणकर, रंगारी, गावातील शिक्षिका असे लोक येथे मध्यवर्ती आहेत.

त्यांतील तंत्र समजून घेऊ. फ्रेस्को पद्धतीत चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावतात. गिलावा वाळताना त्यातील कॅल्शियम हायड्रॉक्साइड हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट बनते, आणि रंगाचे कण त्या थरात कायमचे अडकतात. गिलावा ओला आहे तोवरच काम करता येते. म्हणून चित्रकार एका दिवसात संपेल तेवढाच भाग गवंड्याकडून लिंपून घेतो. नीट पाहिले तर दिवसादिवसांचे सांधे काही ठिकाणी दिसतात. रंग येथे गिलाव्याचाच भाग होतो. म्हणून भिंतीला तडा गेला, की चित्रालाही जातो.

वरच्या मजल्यावर ‘आमची भाकरी’ अशा अर्थाचे एक चित्र आहे. मेजाभोवती वेगवेगळ्या वंशांची माणसे बसली आहेत आणि मध्यभागी एक जण पाव मोडून वाटतो आहे. तो चेहरा पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा आहे. वर्ध्यात जन्मलेले, गदर चळवळीतले हे क्रांतिकारक ब्रिटिशांच्या राज्यात परतू शकत नव्हते. मेक्सिकोत त्यांनी चापिंगो येथील कृषी विद्यालयात अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा चालवल्या. रिवेराने त्यांना भाकरी वाटणाऱ्याच्या जागी बसवले, ते या कामामुळे. चापिंगो विद्यापीठात २०२२ मध्ये त्यांचा पुतळा बसवण्यात आला.

६. राष्ट्रीय प्रासाद

सोकालोच्या पूर्वेला राष्ट्रीय प्रासाद आहे. मोक्तेसुमाच्या वाड्याच्या जागी कोर्तेसने वाडा बांधला, तोच पुढे व्हाइसरॉयचे आणि मग प्रजासत्ताकाचे सत्तास्थान झाला. मुख्य जिन्याच्या तिन्ही भिंतींवर रिवेराने १९२९ ते १९३५ दरम्यान मेक्सिकोचा इतिहास रंगवला. उजवीकडे स्पॅनिशांपूर्वीचे जग, समोर आक्रमणापासून क्रांतीपर्यंतचा काळ आणि डावीकडे वर्तमान व भविष्य. पायऱ्या चढताना पाहणाऱ्याची पातळी बदलते, तशी चित्रातील वेगवेगळी माणसे समोर येतात. हे चित्र चालत पाहण्यासाठीच रचलेले आहे. छायाचित्रात त्याचा हा गुण हरवतो. येथे प्रवेशाचे नियम बदलत असतात, त्यामुळे आधी चौकशी करावी.

७. मादेरो रस्त्याने आलामेदापर्यंत

सोकालोपासून पश्चिमेला जाणारा मादेरो रस्ता आता फक्त पादचाऱ्यांसाठी आहे. सुमारे एक किलोमीटरच्या या वाटेवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सनी मढवलेला वाडा लागतो. त्याच्या जिन्यावर ओरोस्कोचे १९२५ मधील चित्र आहे.

पुढे लातिनोअमेरिकाना मनोरा दिसतो. १९५६ मध्ये पूर्ण झालेल्या या ४४ मजली इमारतीचा पाया लिओनार्दो झेवार्ट यांनी आखला. बेसमेंटसाठी माती काढून भार हलका केला आणि उरलेला भार पाइल्सद्वारे खोलवरच्या घट्ट थरावर नेला. १९५७ आणि १९८५ चे भूकंप या इमारतीने सहन केले.

समोरच्या बेयास आर्तेस या कलाप्रासादाची गोष्ट वेगळी. १९०४ मध्ये आदामो बोआरी याने काम सुरू केले. पोलादी सांगाडा आणि संगमरवर यांच्या ओझ्याने इमारत बांधकाम चालू असतानाच खचू लागली. क्रांतीमुळे काम थांबले आणि ती १९३४ मध्ये पूर्ण झाली. आत रिवेराचे ‘विश्वाचा नियंता मानव’ हे चित्र आहे. याचे मूळ न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये होते. त्यात लेनिनचा चेहरा असल्याने ते १९३४ मध्ये फोडण्यात आले, आणि रिवेराने त्याच वर्षी येथे पुन्हा रंगवले. ओरोस्को आणि दाविद आल्फारो सिकेरोस यांचीही मोठी चित्रे याच मजल्यावर आहेत.

८. भिंत पडली, चित्र वाचले

१९ सप्टेंबर १९८५ रोजी पॅसिफिक किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. केंद्र शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर होते. तरीही सरोवराच्या गाळात कंपने सुमारे दोन सेकंदांच्या आवर्तनकाळाने वाढत गेली. ज्या इमारतींचा स्वतःचा आवर्तनकाळ त्याच्या जवळ जात होता, त्या अनुनादामुळे सर्वाधिक कोसळल्या. त्यात मध्यम उंचीच्या इमारती जास्त होत्या. जुन्या गाभ्यातल्या जाड भिंतींच्या ठेंगण्या वास्तू तुलनेने तगल्या. हजारो माणसे मरण पावली.

आलामेदा बागेसमोरील प्रादो हॉटेल निकामी झाले. त्याच्या भिंतीवर रिवेराचे पंधरा मीटरहून लांब ‘आलामेदातील रविवार दुपारचे स्वप्न’ हे चित्र होते. १९८६ मध्ये ते भिंतीच्या थरासह सोडवून, आधार देऊन, रस्त्यापलीकडे नेले आणि त्याच्यासाठी वेगळे संग्रहालय बांधले. फेरीचा शेवट येथे करावा.

थोडक्यात

जुना गाभा १९८७ पासून जागतिक वारसा आहे, पण खचणे थांबलेले नाही. शहराला पाणी हवे. ते जमिनीखालून उपसले जाते. त्याची किंमत भिंती मोजतात. ज्या कामकऱ्यांची चित्रे या भिंतींवर आहेत, त्यांच्याच नातवंडांच्या नळाला ते पाणी जाते. वारसा की पाणी असा सोपा निवाडा येथे चालत नाही. पावसाचे पाणी मुरवणे, गळती रोखणे, उपशाचे नियोजन करणे ही कामे म्हणूनच चित्रांच्या जतनाचाही भाग आहेत.

विचार करा

१. इमारत सर्वत्र एक मीटर खचली आणि दुसरी फक्त एका कोपऱ्यात दहा सेंटिमीटर खचली, तर जास्त नुकसान कोणाचे होईल? का?

२. फ्रेस्को आणि कॅनव्हासवरील तैलचित्र यांच्या जतनात कोणता मूलभूत फरक आहे?

३. आपल्या गावातील एक जुनी सार्वजनिक इमारत निवडा. दगड कुठला, पाया कशावर, भिंतीवर काय आणि कोणासाठी, हे पायी फिरून नोंदवा.