बाथचे रॉयल क्रेसेंट : पुढून महाल, मागून घरे

इंग्लंडमधील बाथ शहराच्या उंच भागात, हिरवळीच्या उताराकडे तोंड करून रॉयल क्रेसेंट ही अर्धलंबवर्तुळाकार इमारत उभी आहे. लांबून ती एखाद्या सरदाराचा अवाढव्य महाल वाटते. प्रत्यक्षात ती भिंतीला भिंत लागून बांधलेल्या 30 घरांची रांग आहे. जॉन वुड (धाकटा) या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि 1767 ते 1774 या काळात ती उभी राहिली.

दर्शनी बाजू बाथच्या परिसरातील मधाळ रंगाच्या चुनखडकाची आहे. तळमजला मुद्दाम साधा ठेवलेला. त्याच्या वर आयोनिक शैलीचे 114 खांब दोन मजले ओलांडून थेट छताखालच्या पट्ट्याला भिडतात. या खांबांच्या एकसारख्या लयीमुळे एक घर कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे चटकन कळत नाही. वुडचे खरे कसब इथेच दिसते.

मागच्या बाजूला मात्र शिस्त संपते. वुडने फक्त दर्शनी भिंत ठरवून दिली होती. तिचा हवा तेवढा भाग घेणाऱ्याने मागचे घर आपल्या गरजेप्रमाणे बांधून घ्यायचे, अशी रीत होती. म्हणून मागे छपरांची उंची, खिडक्या, भिंतींची खोली, कशाचाच मेळ नाही.

पूर्व टोकाचे पहिल्या क्रमांकाचे घर सर्वांत आधी बांधले गेले. बाथ प्रिझर्व्हेशन ट्रस्टने जीर्णोद्धार करून 1970 मध्ये ते संग्रहालय म्हणून खुले केले. एकोणिसाव्या शतकात खाली वाढवलेल्या पहिल्या मजल्याच्या खिडक्या तेव्हा पूर्वीच्या उंचीवर आणल्या, त्यांत लहान तावदानेही बसवली. शेजारच्या लांबट खिडक्यांशी ताडून पाहिले की मूळ प्रमाण किती नेमके होते ते कळते. आत जेवणघर तळमजल्यावर आणि पाहुण्यांचा दिवाणखाना वरच्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघरात भिंतीवर उंच बसवलेले एक लाकडी चाक आहे. अशा चाकात कुत्र्याला पळवून चुलीपुढची मांसाची सळई फिरती ठेवत. वरच्या थाटामागे केवढे कष्ट होते, ते या चाकाइतके दुसरे काहीच सांगत नाही.

क्रेसेंट पाहायला जाणाऱ्याने समोरचे छायाचित्र काढून परत फिरू नये. मागच्या गल्लीतही जरूर डोकवावे.