तळ्यातले मासे, तळ्यावरची भाजी

दम लागतो, चक्कर येते, काम ओढवत नाही. कणकवली परिसरातल्या वाड्यांवर फिरताना बायकांकडून आम्ही हेच ऐकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण ६९ टक्के होते. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. पण ताटातही काही हवे. ज्यांच्या चार-पाच गुंठ्यांत लहानसे नैसर्गिक तळे आहे, त्यांच्या हाताशी एक उपाय आहे.

मासा खत देतो, भाजी पाणी साफ करते

माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो. तो वाढला की मासे मरतात. पाण्यातले सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे झाडाचे खत. झाडांनी ते शोषले की पाणी माशांसाठी पुन्हा चांगले होते. या पद्धतीला ॲक्वापोनिक्स म्हणतात. शहरात ती टाक्या, पंप आणि विजेवर चालते. पण पाण्यावर भाजी पिकवणे नवे नाही. बांगलादेशात बारिसाल, पिरोजपूर भागातले शेतकरी जलपर्णीचे तरंगते वाफे करून त्यावर भाजी घेतात. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. काश्मीरच्या डल सरोवरातही तरंगती शेती आहे.

आपल्या तळ्यात कसे करावे

पाऊस ओसरल्यावर बांबूचा तराफा करा. खाली बूच घट्ट लावलेले रिकामे कॅन बांधा. भोके पाडलेल्या डब्यांत नारळाच्या सोडणाचा काथ्या भरून रोपे लावा. मुळे पाण्यात राहतील आणि पाने वर राहतील असे बघा. मासे मुळे कुरतडतात म्हणून खालून जाळी लावा. तराफा काठाला बांधा आणि तळ्याचा थोडाच भाग झाका, कारण पाण्याला ऊन लागते.

लाल माठ, पालक, नाळीची भाजी यांपासून सुरुवात करा. नैसर्गिक तळ्यात मासे विरळ असतात, म्हणून खतही कमी मिळते. टोमॅटो, वांगी त्यावर नीट पोसत नाहीत.

एका गुंठ्याच्या तळ्याला कटला, रोहू, मृगळ मिळून साधारण ५० बोटुकल्या पुरेत. गवत्या मासा सोडू नका, तो मुळेच खातो. आफ्रिकी मांगूर पाळायला आपल्या देशात बंदी आहे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर पाण्यात प्राणवायू कमी पडला असे समजा. त्या दिवशी खाद्य बंद ठेवा आणि पाणी ढवळा.

जांभ्या जमिनीतले पाणी बरेचदा आम्लधर्मी असते. पाणी तपासून घ्या आणि चुना किती टाकायचा ते विचारून टाका. वरच्या अंगाला आंबा-काजूची फवारणी होत असेल, तर ते पाणी तळ्यात येऊ देऊ नका. काही कीटकनाशकांच्या थोड्याशा अंशानेही मासे मरतात.

पाण्यात उतरण्याआधी

आपल्या जिल्ह्यात लेप्टोचा धोका आहे. उंदीर आणि गुरांच्या मुतातून हे जंतू पाण्यात, चिखलात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून अंगात शिरतात. म्हणून पायाला भेग किंवा खरचटलेले असेल तर तळ्यात उतरू नका. उतरावेच लागले तर गमबूट घाला, नंतर साबणाने हातपाय धुवा. माशांचे खाद्य झाकून ठेवा, नाहीतर उंदीर येतील. गुरे तळ्यात सोडू नका, संडासाचे सांडपाणी दूर ठेवा.

अचानक ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि आपण तळ्यात काम करतो हे डॉक्टरांना सांगा. लघवी कमी होणे, कावीळ, धाप ही धोक्याची खूण आहे. गोळ्या मनाने घेऊ नका.

तळ्यावरची पालेभाजी कच्ची खाऊ नये. चांगल्या पाण्याने धुऊन, शिजवूनच खावी.

ताटात दोन्ही एकत्र

पालेभाजीतले लोह अंगात फार थोडे मुरते. त्याच जेवणात मासा असला तर ते जास्त मुरते. वर लिंबू पिळले तर आणखी चांगले. मात्र जेवणाला लागून चहा नको, तो लोह अडवतो. तळ्यात जे शेजारी वाढते, ते ताटातही शेजारी असू द्या. आणि माशाचा तुकडा आधी गरोदर बाईच्या, वाढत्या मुलीच्या ताटात पडू द्या. घरातली बाई सगळ्यांचे झाल्यावर उरलेला रस्सा भाताला लावते. तिचे रक्त वाढायचे तर ही रीत मोडली पाहिजे.

मदत कुठे

किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुसूचित जाती आणि महिलांसाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. १९९० पासून केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांनाही आहेत. जातीचा दाखला आणि सातबारा जवळ ठेवा. सध्या अर्ज घेतात का, हे आधी विचारा. तळे सामाईक असेल तर सर्व हिस्सेदारांची, गावाचे असेल तर ग्रामपंचायतीची लेखी संमती घ्या.

पहिल्या वर्षी एकच तराफा करा. एका घराला आठवड्यातून दोन वेळा भाजी आणि अधूनमधून मासा मिळाला, तरी शेजारची घरे आपणहून बघायला येतील.